दवाखान्याची वही आणि आपली वही
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)



आज बचतीवर नाही, पण वहीवरच बोलणार आहे. जुलै २०२१ आठवा. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला. त्यातच राज्यात इतर ठिकाणी कोरोनाची दुसरी लाट ओसरली, तरी आपल्या जिल्ह्यात ती हटत नव्हती. अशा वेळी सीपीआर असो नाहीतर तालुक्याचं कोविड सेंटर, नातेवाइकांचा पहिला प्रश्न एकच: खाट आहे का?

याचं उत्तर वॉर्डाच्या रजिस्टरात असतं. काल राहिलेले पेशंट, अधिक आज आलेले, वजा घरी गेलेले, दुसरीकडं हलवलेले आणि दगावलेले. उरले ते आजचे. ओळखीचं वाटलं ना? आरंभीची शिल्लक, जमा, खर्च, अखेरची शिल्लक. आपल्या कॅशबुकाचीच रीत आहे ही.

पण आपल्याकडं दहा रुपये चुकले तर पुढच्या बैठकीत जुळवता येतात. तिथं पेशंट दुपारी घरी गेला आणि नोंद रात्री झाली, तर खाट रिकामी असूनही दारातल्या माणसाला 'जागा नाही' ऐकावं लागतं.

ऑक्सिजनचंही तसंच. एका पेशंटला मिनिटाला १० लिटर लागत असेल, तर दिवसाला १४,४०० लिटर झाले. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर असतो. म्हणजे एका माणसाला दिवसाला दोन सिलिंडर. असे दहा पेशंट मोजायचे राहिले, तर वीस सिलिंडर कमी पडणार. त्यात रस्ता पाण्याखाली असेल, तर ऐनवेळी आणायचे कुठून? म्हणून संकटात दिवसातून अनेकदा मोजावं लागतं.

यात आपलं काम काय? ऐका.

एक. पेशंटबरोबर चिठ्ठी द्या: पूर्ण नाव, वय, गाव, चालू औषधं, दोघांचे फोन नंबर. नुसतं 'पाटील' सांगू नका. आपल्याकडं एका वॉर्डात चार पाटील निघतात!

दोन. पेशंट हलवला, तर कुठं, कोणत्या वॉर्डात, किती वाजता हे विचारून लिहून ठेवा. रेफर चिठ्ठी सोबत घ्या.

तीन. डिस्चार्जचा कागद घेतल्याशिवाय निघू नका. न सांगता गेलात, तर तुमच्या नावावर खाट अडकून राहते.

चार. पावसाळ्याआधी ग्रामसंघानं आशाताई आणि अंगणवाडीताईंबरोबर बसून यादी करावी. गरोदर बाईची तारीख कधीची, डायलिसिस कुणाचं, इन्सुलिन कुणाला, अंथरुणाला खिळलेलं कोण. पुरात घर सोडलं की कोण कुठं गेलं, ते त्याच दिवशी पुढं लिहायचं. यादीची एक प्रत उंचावरच्या घरात ठेवा. मात्र ती सभेत वाचायची नाही आणि व्हॉट्सॲपवर टाकायची नाही. कुणाचा आजार हा गावगप्पांचा विषय नव्हे.

करवीर, हातकणंगले, शिरोळ भागात पाणी दरवर्षी विचारून येत नाही. मे महिन्याच्या बैठकीत हा विषय घ्या आणि यादी कुणी ठेवायची, ते नाव ठरवूनच उठा. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या बायका आपण, माणसांचा हिशेब आपल्याला जड नाही.