नावाची नोंद आणि यंत्रातला कारकून



कामगार चळवळीतल्या माणसाने संगणकावर काय बोलावे, असे कुणाला वाटेल. पण आमचे निम्मे आयुष्य हजेरीपटाशी झगडण्यात जाते. पाथर्डी-शेवगावचा ऊसतोड मजूर असो, की नगरच्या एमआयडीसीतला कंत्राटी कामगार असो, 'तुझे नाव यादीत नाही' या चार शब्दांपाशी त्याची मजुरी अडते. आता ती यादी यंत्रात गेली आहे. तेव्हा यंत्र यादी कशी वाचते, हे आपणही समजून घेतले पाहिजे.

1969 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली उभारायला घेतली. तिच्याच वळणावर गेलेल्या लिनक्समध्ये वापरकर्त्यांची यादी एका साध्या मजकुराच्या फाइलीत असते. एका ओळीत एक माणूस, आणि ओळीत विसर्गासारख्या टिंबांनी पाडलेले 7 रकाने: नाव, परवलीचा शब्द, क्रमांक, गटाचा क्रमांक, इतर माहिती, त्याचा घरचा कप्पा आणि प्रवेशानंतर सुरू होणारा कार्यक्रम. परवलीच्या रकान्यात आता बहुधा नुसती 'एक्स' ही खूण असते. खरे गुपित सांकेतिक रूपात 'शॅडो' नावाच्या वेगळ्या, कुलूपबंद फाइलीत ठेवतात. यादी सर्वांना उघडी, गुपित मात्र झाकलेले! राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी ज्यासाठी उपोषणे केली, त्या माहितीच्या अधिकाराचे तत्त्व याहून फार निराळे नाही.

सी भाषेत ही यादी वाचायला तयार कारकून आहेत. 'गेटपीडब्ल्यूनॅम' नावावरून नोंद काढतो, 'गेटपीडब्ल्यूयूआयडी' क्रमांकावरून, आणि 'गेटपीडब्ल्यूएंट' एकेक नोंद क्रमाने पुढे करतो. फाइल आपणच का उघडू नये? कारण मोठ्या संस्थेत काही नावे दुसऱ्या, मध्यवर्ती यंत्रावर असतात. कायम कामगारांची वही चाळून कंत्राटी कामगार अस्तित्वातच नाही म्हणावे, तसे ते होईल. हे कारकून नेमून दिलेल्या सगळ्या वह्या पाहतात.

मात्र तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, कारकून उत्तर एकाच पाटीवर लिहितो. दुसरे नाव विचारले की पहिले पुसले जाऊ शकते. म्हणून हवी ती नोंद आधी उतरवून घ्यावी. दुसरी, यंत्र हक्क ठरवते ते क्रमांकावरून. नाव काढले तरी त्या माणसाच्या फाइली जुन्या क्रमांकावर राहतात, आणि तोच क्रमांक नव्या माणसाला दिला तर त्या आपोआप त्याच्या होतात. एकाच्या कष्टाची पुंजी दुसऱ्याच्या खाती जाते!

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कारकून रिकाम्या हाताने परतला, तर त्याचे अर्थ दोन: नाव खरोखर नाही, किंवा वही उघडताच आली नाही. पॉसिक्स या प्रमाण नियमांनुसार, विचारण्यापूर्वी 'एर्नो' हा चुकीची खूण ठेवणारा आकडा शून्य करावा. रिकाम्या उत्तरानंतरही तो शून्यच राहिला, तर नाव नाही. बदलला, तर तपासच अडला असे समजून पुढे पाहावे. एवढी एक ओळ आळसाने गाळली, की बिघाड यंत्राचा आणि 'तू नाहीस' हा निकाल माणसाविरुद्ध.

म्हणून मंडळी, 'नाव नाही' असे उत्तर मिळाले, तर ते देणारा माणूस असो वा यंत्र, मुकाट्याने परतू नका. कोणत्या वह्या पाहिल्या, आणि त्या उघडल्या तरी का, हे आधी विचारा.