आईचे देऊळ



अंगकोर म्हटले की दुसऱ्या सूर्यवर्म्याचे विष्णुमंदिर डोळ्यांपुढे येते. आम्ही आज बोलणार आहोत ते ११८१ मध्ये सिंहासनावर आलेल्या सातव्या जयवर्म्याविषयी. हा राजा बौद्ध. ११८६ मध्ये त्याने ता प्रोम येथे प्रज्ञापारमितेच्या रूपात आपल्या आईची प्रतिष्ठापना केली. पाच वर्षांनी वडिलांसाठी प्रेआ खान उभारले. मातृऋण, पितृऋण हे शब्द आपण सहज उच्चारतो. याने ते दगडात फेडले.

परंतु कोणाच्या श्रमांनी? ता प्रोमचा शिलालेख ते लपवीत नाही. देवळाच्या सेवेस ३,१४० गावे आणि ७९,३६५ माणसे लावली होती, असा त्यात चोख हिशेब आहे. तो संस्कृतात आहे याचा आम्हांस प्रथम अभिमान वाटला. मग त्या आकड्यापाशी आम्ही थबकलो.

त्याच लेखात १०२ आरोग्यशाळांचाही उल्लेख येतो. प्रजेची दुखणी राजाला स्वतःच्या दुखण्याहून अधिक बोचत, असे आरोग्यशाळांचे लेख सांगतात. राजाश्रयाने कोरलेले हे शब्द, थोडे जपूनच घ्यावेत! औषधांची यादी मात्र खरी वाटते: मध, तीळ, जिरे, मिरी, वेलची, कापूर. गृहिणींना ती परकी वाटणार नाही.

देवाला दगड आणि माणसाला लाकूड, असा तेथला रिवाज, राजवाडासुद्धा लाकडी. त्यामुळे आरोग्यशाळा नाहीशा झाल्या, त्यांची छोटी दगडी देवळे काही ठिकाणी उरली. ता प्रोमवर प्रचंड वृक्षांची मुळे उतरली आहेत. २००३ नंतर आपल्या पुरातत्त्व खात्याने तेथे जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले. वृक्ष सरसकट तोडता येत नाहीत. काही भिंती त्यांच्याच मुळांनी धरून ठेवल्या आहेत.