खुर्चीवर कोण, बाजूला कोण

 

मुलीसाठी स्थळ बघायला गेलो की आपण काय करतो? चहा येईपर्यंत भिंती वाचतो. फोटो कुणाचे लावलेत, शोकेसमध्ये काय मांडलंय, घरातली सून बसलीय की दाराशी उभी आहे. माणसं गोड बोलतात, पण घर खरं सांगून जातं.

आज असंच एक ऑफिस वाचायचं आहे. ते आहे एका व्हिडिओ गेममध्ये. पोरं मोबाईलवर खेळत बसतात म्हणून आपण ओरडतो, ते आज बाजूला ठेवू. या गेमचं नाव पोर्टल टू. अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह या कंपनीनं तो २०११ साली आणला. यात बंदुकीतून गोळी सुटत नाही. भिंतीला दार पडतं. एका भिंतीतून शिरायचं आणि दुसऱ्या भिंतीतून निघायचं. सगळं डोकं चालवायचं काम. आणि खेळणारी आहे एक बाई, शेल नावाची. ती अख्ख्या गेममध्ये एक शब्द बोलत नाही.

ही शेल एका प्रयोगशाळेच्या खोल तळाशी पडते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, मिठाच्या जुन्या खाणीत ही कंपनी उभारलेली. मालकाचं नाव केव्ह जॉन्सन. तो कधीच मेलेला आहे. आपल्याला भेटतं ते त्याचं बंद पडलेलं ऑफिस आणि कर्ण्यातून येणारा जुना ध्वनिमुद्रित आवाज. तेवढ्यावरून माणूस ओळखायचा.

सगळ्यात खालचा भाग १९५० च्या काळातला. तिथं काचेच्या कपाटात बक्षिसं मांडलेली. त्यातलं एक बक्षीस आहे १९४३ सालचं, न्हाणीघरात लावायचे पडदे विकल्याबद्दल! म्हणजे मोठा शास्त्रज्ञ म्हणून मिरवणारा हा साहेब मुळात पडदे विकणारा. पडदे विकण्यात कमीपणा काहीच नाही. तोही कष्टाचाच धंदा. पण तेवढ्यावरून कळतं की या माणसाला ज्ञानापेक्षा विकता जास्त येतं. आवाजही तसाच, बाजारात माल खपवणाऱ्याचा, ठसक्यातला.

मग शेल एकेक मजला वर चढते. वर जाताना काळ पुढे सरकतो, १९७० चं दशक, मग १९८० चं. प्रत्येक काळात केव्हचं चित्र टांगलेलं. चित्रातला माणूस म्हातारा होत जातो. सुरुवातीला त्याच्याकडे प्रयोगासाठी अंतराळवीर, युद्धातले शूर शिपाई येत होते. पुढे पैसा आटला, तेव्हा बेघर माणसांना साठ डॉलर देऊन आणलं. शेवटी स्वतःच्याच नोकरांना प्रयोगाला उभं केलं. चंद्रावरचे दगड विकत घेऊन त्याची पूड केली आणि त्याच विषानं आजारी पडला. सगळं रसातळाला गेलं, पण साहेबाचं चित्र भिंतीवरून हललं नाही. घरात दाणा नसला तरी फेट्याचा तुरा ताठ, अशातली गत.

आता खरी गोष्ट ऐका. एका दालनात एक मोठं चित्र आहे. खुर्चीवर केव्ह बसलाय आणि बाजूला एक बाई उभी आहे. ती कॅरोलाईन, त्याची सहायक. ध्वनिमुद्रणात ती मधूनच ऐकू येते, साहेबांच्या हो ला हो म्हणण्यापुरती. तीच या कंपनीचा कणा आहे, असं साहेब स्वतः सांगतो. पण बक्षिसांचं कपाट साहेबाचं. कण्याला भिंतीवर जागा मिळाली ती खुर्चीच्या बाजूला, उभ्यानं.

त्या वेळी शेलच्या बरोबर असते ग्लॅडोस. ही बोलणारी यंत्रबाई अख्खी प्रयोगशाळा चालवत होती. तिला कुणीतरी काढून एका बटाट्यात बसवलंय. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पोरं बटाट्यावर दिवा लावतात ना, तसा बटाटा. ती हे चित्र बघते आणि थबकते. विचारते, ही बाई कोण? मी हिला का ओळखते?

कारण ती स्वतःच ती बाई आहे. मरायला टेकलेल्या केव्हनं सांगून ठेवलं होतं की माणसाचं मन यंत्रात घालायची सोय करा. त्याआधी मी मेलो तर कॅरोलाईनला घाला. ती नाही म्हणेल, मला जमणार नाही म्हणेल, तरी तिला करायला लावा. बघा, जन्मभर हो म्हणत आलेल्या बाईचा एकुलता एक नकार, तोही आधीच मोडीत काढून ठेवलेला. या दोघींना आवाजही एकाच नटीनं दिलाय, एलेन मॅक्लेननं.

म्हणजे अख्खी प्रयोगशाळा जिच्या डोक्यानं चालते, तिला स्वतःची ओळख पटते ती दुसऱ्याच्या चित्राच्या कडेला. केव्ह किती बढाईखोर, हे बक्षिसांच्या कपाटानं सांगितलं. तो किती आंधळा होता, हे त्या उभ्या बाईनं सांगितलं.

मैत्रिणींनो, गेम बनवणाऱ्यांनी हे कुठं भाषण देऊन सांगितलं नाही. भिंतीवर टांगून ठेवलं आणि खेळणाऱ्यावर सोडलं. ज्याची नजर तयार, त्याला दिसतं.

आपली नजर तर तयारच आहे. आपल्या राज्यात २०११ पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. कुठल्याही पंचायतीत कामाला गेलात तर दाखला मिळेपर्यंत भिंती वाचा. फलकावर सरपंचबाईंचं नाव आहे, पण खुर्चीवर कोण बसलंय? सही तिची, पण बोलतंय कोण? एखादी बाई नको म्हणाली, तर ते कागदावर लिहिलं जातं का?

आणि बचत गटाच्या खोलीतही एकदा मान वर करून बघा. पाहुण्यांच्या सत्काराचे फोटो असतील. पण पहाटे उठून पापडाचं पीठ मळणारी, बँकेत चार खेपा घालणारी, हिशेबाची वही जपणारी कुठं आहे? तिचा फोटो नसेल तर काढा. काढताना तिला बसायला सांगा आणि फोटोखाली तिचं पूर्ण नाव लिहा.