घाटांतली चढाओढ : चपळ हॅचबॅक आणि सुपरकार

घरच्या वापरांतल्या, पण अंगांत बळ असलेल्या लहान मोटारीला कोट्यवधि रुपयांच्या सुपरकारशीं बरोबरी करतां येईल काय? मुंबई-पुण्याची तरुण मंडळी सुट्टीच्या दिवशीं लोणावळ्यास आलीं म्हणजे चहाच्या टपरीवर हा प्रश्न मोठ्या आवेशानें चर्चिला जातो. एक पक्ष आंकडे सांगतो, दुसरा पक्ष किंमत सांगतो. आणि वाद जेथें सुरू झाला तेथेंच संपतो. याचें कारण असें कीं, चढाओढ कोठें व्हावयाची तें कोणी आधीं ठरवीत नाहीं. 'घोडामैदान जवळच आहे' असें आपण म्हणतों. घोडा आणि मैदान हे दोन शब्द मराठी भाषेनें एकत्र जोडले, यांत मोठें शहाणपण आहे. घोड्याची परीक्षा मैदानावांचून होत नाहीं, आणि मैदान बदललें म्हणजे निकालहि बदलतो. आजच्या भाषणांत हा वाद तीन मैदानांवर नेऊन पाहावयाचा आहे : सरळ धावपट्टी, मावळचा घाट आणि घरचा संसार.

प्रथम दोन्ही पक्षांची ओळख. जिला मागें सामानाची निराळी पेटी नसते, जिची पाठीमागची कांच दारासकट वर उचलली जाते, आणि बाक दुमडला म्हणजे जिच्यांत तांदळाचें पोतें, शिवणयंत्र किंवा मुलाची सायकल मावते, ती आटोपशीर मोटार म्हणजे हॅचबॅक. तिला जोमदार इंजिन, घट्ट स्प्रिंगा आणि खात्रीचे ब्रेक दिले म्हणजे ती चपळ हॅचबॅक होते. जर्मनींतील फोक्सवॅगन कंपनीनें १९७६ सालीं ११० अश्वशक्तीची 'गोल्फ जीटीआय' विक्रीस आणली, तेव्हांपासून या जातीला जगांत मान्यता मिळाली. सुपरकार हिच्या अगदीं उलट. तिचें इंजिन बहुधा चालकाच्या पाठीमागें, बैठक दोघांचीच, उंची कमरेहून थोडी अधिक, पोट जमिनीला लागलेलें. आणि तिचा प्रत्येक अवयव वेग या एकाच हेतूनें घडविलेला.

पुणें जिल्ह्याला हॅचबॅक परकी नाहीं. टाटांची 'इंडिका' १९९८ सालच्या अखेरीस पुढें आली, ती पिंपरीच्या कारखान्यांतून. खुद्द मावळांत, तळेगांवास, जनरल मोटर्सचा कारखाना २००८ सालीं सुरू झाला व तेथें 'स्पार्क' आणि 'बीट' या छोट्या मोटारी तयार होऊं लागल्या. २०२० सालच्या शेवटीं तेथील काम थांबलें, आणि पुढें तो कारखाना ह्युंदाई कंपनीनें घेतला. चाकणास फोक्सवॅगनची 'पोलो' २०२२ पर्यंत होत असे. परंतु प्रस्तुत वादाला सर्वांत जवळचें उदाहरण शिरूर तालुक्यांतील रांजणगांवचें आहे. तेथील फियाटच्या कारखान्यांतून २०१५ सालीं 'अबार्थ पुंटो' ही गाडी बाहेर पडली. अबार्थ हें नांव कार्लो अबार्थ यानें १९४९ सालीं इटलींत स्थापिलेल्या संस्थेचें. लहान फियाट गाड्यांना बळ देऊन मोठ्यांच्या पंक्तीस बसविणें हा तिचा धंदा, आणि विंचू हें तिचें चिन्ह. विंचवाचा देह केवढा आणि नांगीची आग केवढी, हें शेतांत राबणाऱ्या मावळ्याला सांगावयास नको.

आतां दोघींचे आंकडे शेजारीं मांडून पाहावे. अबार्थ पुंटोला १४५ अश्वशक्तीचें इंजिन. उभ्या स्थितींतून ताशीं १०० किलोमीटरचा वेग गाठण्यास, कंपनीच्या सांगण्याप्रमाणें, ८.८ सेकंद, वजन सुमारें १,२०० किलो, दिल्लींतील मूळ किंमत ९ लाख ९५ हजार रुपये. त्याच्या एकच वर्ष आधीं, २०१४ सालीं, लँबोर्गिनीची 'हुराकान' भारतांत आली. तिला ६१० अश्वशक्ति. तोच वेग ३.२ सेकंदांत, पेट्रोल-तेल वगळतां वजन १,४२२ किलो, किंमत ३ कोटि ४३ लाख रुपये. एका टन वजनामागें किती बळ पडतें हें काढलें, तर पहिलीला सुमारें १२० आणि दुसरीला सुमारें ४३० अश्वशक्ति येते. म्हणजे बळ साडेतीन पट. शंभराचा वेग गाठण्याच्या वेळांत पावणेतीन पट फरक. किंमतींत मात्र चौतीस पट! बळ, वेळ आणि पैसा यांचें त्रैराशिक येथें जुळत नाहीं. वेगाच्या बाजारांत पहिले सेकंद स्वस्त मिळतात. शेवटचे सेकंद फार महाग पडतात.

हा हिशेब मनांत ठेवून पहिल्या मैदानाकडे वळावें. लोणावळ्यापासून वीसेक किलोमीटरांवर, मुळशीच्या डोंगरांत, अँबी व्हॅली येथें विमानांकरितां बांधलेली धावपट्टी आहे. या शतकाच्या दुसऱ्या दशकांत तिच्यावर 'द व्हॅली रन' या नांवानें सरळ रेषेंतील शर्यती भरूं लागल्या. सुपरकार, घरगुती मोटारी आणि मोटारसायकली यांचे निरनिराळे वर्ग पाडून तेथें वेळ मोजला जातो. वर्ग पाडावे लागतात, यांतच या मैदानाचा निकाल आला. सरळ पट्टीवर बळाला अडविणारें कांहीं नसतें. म्हणून जिचें बळ अधिक तिची जीत.

याला यंत्रशास्त्राचें आणखी एक कारण आहे. हॅचबॅकमध्यें बहुधा पुढचीं चाकें गाडी ओढतात. गाडीनें एकदम उसळी घेतली म्हणजे तिचा भार मागील चाकांवर जातो. ज्या चाकांनीं ओढावयाचें तींच हलकीं होतात आणि जागच्या जागीं फिरूं लागतात. इंजिन आणखी जोरदार बसविलें, तरी हें दुखणें वाढतेंच. सुपरकारचीं मागील अथवा चारी चाकें जोर लावतात. त्यामुळें मागें गेलेला भार तिच्या उपयोगींच पडतो. तेव्हां धावपट्टीवर हॅचबॅकनें बरोबरीची भाषा करूं नये, हेंच बरें.

दुसरें मैदान घाटाचें. सह्याद्रीच्या या भागानें मोठ्याचें मोठेपण काढून घेतल्याचा पुरावा इतिहासांत आहे. १६६१ सालच्या फेब्रुवारींत कारतलबखानाचें मोंगल सैन्य लोणावळ्याच्या बाजूनें कुरवंड्याच्या वाटेनें कोंकणांत उतरत होतें. उंबरखिंडींत शिवाजीमहाराजांच्या मावळ्यांनीं त्याची कोंडी केली आणि खानाला शरण यावें लागलें. त्याचें सैन्य थोडें नव्हतें. पण अरुंद वाटेवर एका वेळीं लढूं शकतील असे किती, एवढाच प्रश्न उरला. उघड्या मैदानांतील संख्याबळ खिंडींत निरुपयोगी झालें.

मोटारीच्या बाबतींत हेंच काम घाटांतील वळण करतें. वीस मीटर त्रिज्येचें एक वळण कल्पावें. चांगल्या साध्या टायरांची पकड गाडीच्या वजनाच्या आठ-दशांश धरली, तर तें वळण ताशीं फार तर ४५ किलोमीटर वेगानें घेतां येतें. सुपरकारच्या रुंद टायरांची पकड पूर्ण वजनाइतकी मानली, तरी तिचा वेग ५० च्या आसपासच जातो; कारण पकड वाढली तरी वेग तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणांतच वाढतो. टनामागें साडेतीन पट असलेलें बळ वळणावर येऊन पांच किलोमीटरांच्या फरकावर थांबतें! शिवाय लोणावळ्यास वर्षाकांठीं चार मीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो. रस्ता ओला झाला, धुकें उतरलें, पुढें मालाचा ट्रक कण्हत चढूं लागला, म्हणजे हे पांच किलोमीटरहि उरत नाहींत. रुंदीचाहि विचार आहे. हुराकानची रुंदी आरसे सोडून १,९२४ मिलिमीटर, पुंटोची १,६८७. जुन्या घाटरस्त्यावर समोरून एस. टी. येत असतां ही वीतभर जागा फार मोलाची ठरते. वर कायदा आहेच. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर घाटांत मोटारींना ताशीं ६० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगानें दहा किलोमीटर अंतराला दहा मिनिटें लागतात. दहा लाखांच्या गाडीला दहा, आणि साडेतीन कोटींच्या गाडीलाहि दहाच.

युरोपांतहि असाच अनुभव आला आहे. आल्प्स पर्वताच्या वळणांतून जाणाऱ्या मॉन्टे कार्लोच्या प्रसिद्ध स्पर्धेंत 'मिनी' या इवल्याशा इंग्रज मोटारीनें १९६४, १९६५ आणि १९६७ या तीन वर्षीं पहिला क्रमांक मिळविला. १९६५ सालीं तर मार्गावर भयंकर बर्फ पडत असतां टिमो मॅकिनेन यानें ती जिंकून दाखविली. रस्ता जितका वांकडा आणि निसरडा, तितकी हलक्या, चपळ गाडीची बाजू बळकट. भीमथडीच्या तट्टावर बसून मुलूख पालथा घालणाऱ्यांच्या वंशजांना याचें नवल वाटूं नये.

मग घाटांत तरी हॅचबॅकनें बरोबरी केली असें म्हणावें काय? कांहीं अंशीं म्हणावें. पण येथें एक मौजेची गोष्ट घडते. जर्मनींतील न्युर्बुर्गरिंग हा वीस किलोमीटरांहून लांब, डोंगरांतून वळणें घेत जाणारा शर्यतीचा मार्ग आहे. 'रेनो मेगान' या हॅचबॅकच्या एका खास आवृत्तीनें २०१९ सालीं तो ७ मिनिटें ४० सेकंदांत पार केला. एके काळची नामांकित सुपरकार 'पोर्श करेरा जीटी' हिला २००४ सालीं ७ मिनिटें २८ सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागला होता. वीस किलोमीटरांत अवघ्या बारा सेकंदांचा फरक! परंतु तेवढें जवळ येण्यासाठीं त्या हॅचबॅकचा मागील बाक काढून टाकावा लागला. ज्या बाकावर आजीनें नातवाला घेऊन बसावयाचें, तोच गेला. सुपरकारच्या अगदीं शेजारीं जाऊन उभें राहावयाचें, तर हॅचबॅकला आपलें हॅचबॅकपण टाकावें लागतें. बरोबरी मिळते, पण जिच्या नांवानें ती मिळवावयाची ती गाडीच शिल्लक राहत नाहीं.

त्यामुळें तिसरें मैदान, म्हणजे संसार, अधिक महत्त्वाचें ठरतें. कामशेतच्या बाजाराहून भाजी आणणें, तळेगांवच्या दवाखान्यांत म्हातारीला नेणें, कार्ल्याच्या एकवीरेला पांच माणसांनीं एकत्र जाणें, परततांना चिक्कीचीं खोकीं मागें टाकणें, हीं कामें ज्या गाडीनें आठवडाभर केलीं, तीच शनिवारीं पहांटे मोकळ्या रस्त्यावर चालकाच्या मनाला उल्हास देते. सुपरकारला या मैदानांत उतरतांच येत नाहीं. गतिरोधक आला कीं तिचें नाक खरवडतें. तें वर उचलण्यासाठीं निराळी यंत्रणा पैसे मोजून बसवून घ्यावी लागते. अर्थात् सुपरकारचा दोष काढण्याचें कारण नाहीं. ती संसारासाठीं बनविलेलीच नसते. ती यंत्रकलेची पराकाष्ठा आहे. तिच्यासाठीं झालेल्या प्रयोगांतून हलके धातु आणि उत्तम ब्रेक यांचें ज्ञान पुढें साध्या गाड्यांपर्यंत पोंचतें. तिचा मान तिला द्यावा. मात्र मान देणें निराळें आणि मत्सर करणें निराळें.

हा मत्सरच घाटांत घातक होतो. 'माझी लहान गाडी मोठीला गांठते' हें गणितानें कांहीं अंशीं खरें ठरतांच तरुण चालकाला तें सिद्ध करून दाखविण्याचा मोह होतो, आणि सार्वजनिक रस्ता त्याला मैदान वाटूं लागतो. त्यानें आणखी एक गणित करावें. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जातांना धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यांत गाडी १७ मीटर जाते, पुढें कोरड्या रस्त्यावर थांबण्यास आणखी सुमारें २० मीटर, एकूण ३७. वेग १२० झाला म्हणजे हेंच अंतर ११५ मीटरांच्या आसपास जातें. वेग दुप्पट, अंतर तिप्पट! ब्रेक कितीहि मोलाचे असोत, तो पहिला सेकंद यंत्राचा नसून माणसाचा असतो, आणि तो कोणत्याहि किंमतीला विकत मिळत नाहीं. १९ मे २०२४ रोजीं पहांटे पुण्याच्या कल्याणीनगरांत भरधांव किमती मोटारीच्या धडकेनें मोटारसायकलवरील दोन तरुण अभियंत्यांचा प्राण गेला. त्या दोघांनीं कोणाशींहि शर्यत लावलेली नव्हती. मावळांतील रस्त्यांच्या कडेनें शाळेंत जाणारीं मुलें, दुधाच्या किटल्या घेऊन निघालेले शेतकरी, दिंडीबरोबर देहूकडे चाललेले वारकरी यांनींहि लावलेली नसते. ज्याला वेगाची हौस भागवावयाची आहे, त्यानें वेळ मोजणारे, वाट मोकळी ठेवणारे आणि जखमीला उचलणारे लोक जेथें हजर असतात अशा बंदिस्त धावपट्टीवर जावें. तेथें हरण्यांतहि मौज आहे.

सारांश, प्रश्नाचें उत्तर मैदानागणिक निराळें येतें. धावपट्टीवर हॅचबॅक सुपरकारची बरोबरी करूं शकत नाहीं. घाटांत वळण, पाऊस आणि कायदा दोघींना जवळजवळ एका पायरीवर आणतात. पण तो पराक्रम घाटाचा, गाडीचा नव्हे. संसारांत हॅचबॅकला प्रतिस्पर्धीच नाहीं. रांजणगांवची अबार्थ पुंटो आतां तयार होत नाहीं. २०२० सालच्या एप्रिलपासून धूरनियमनाचे कडक नियम लागू झाले, तोंवर फियाटनें येथील आपल्या मोटारींचा बाजार आवरलाच होता. पण तिच्यासारख्या गाड्या पुढेंहि निघतील आणि लोणावळ्याच्या टपरीवर हा वाद पुनः पुनः रंगेल. तो खुशाल रंगावा. मात्र चहा संपवून किल्ली हातीं घेणाऱ्यानें एवढें ध्यानांत ठेवावें कीं, घाट चढून सुखरूप घरीं पोंचलेल्या गाडीला कोणी क्रमांक विचारीत नाहीं.