कमी दराची कला



आज तुमच्याशी बोलण्यासाठी मला आकाशवाणीकडून रीतसर करारपत्र आलं. विषय, वेळ, मानधन, सगळं त्यात नमूद होतं. पण हे भाषण कुणाला द्यायचं ते ठरवायला तीन दरपत्रकं मागवली गेली नाहीत. मागवली असती तर आमच्या नंदुरबारात माझ्यापेक्षा स्वस्तात बोलणारे पुष्कळ निघाले असते, आणि फुकट बोलणारे तर त्याहून जास्त.

यात गंमत आहे, तसा मुद्दाही आहे. गायक-वादकांची आकाशवाणी स्वरचाचणी घेते, त्यांना श्रेणी देते आणि श्रेणीप्रमाणे मानधन देते. पैसा आधी ठरलेला, चढाओढ गुणांची. सरकारी पैशातून कला घेण्याचा हा आपल्याकडचा जुना, चालता नमुना आहे. मग जिल्ह्याच्या ठिकाणी एखादं कार्यालय पथनाट्य, भाषांतर, माहितीपट किंवा भित्तिचित्र करून घेतं, तेव्हा खुर्च्या आणि झेरॉक्सचा कागद घेतल्यासारखी निविदा का निघते?

कागदाचं वजन, आकार, पांढरेपणा आधी सांगता येतो. तिघांचा कागद सारखाच असेल, तर सर्वांत कमी दरवाल्याकडून घेणं शहाणपणाचंच. पथनाट्याचं काय सांगणार? वीस मिनिटं, कलाकार आठ, प्रयोग पन्नास. एवढ्यात नाटक कुठं आलं?

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न जरा जास्तच टोचतो. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. 2011 च्या जनगणनेप्रमाणे शंभरातले सुमारे 69 लोक आदिवासी. धडगावच्या डोंगरात पावरी, नवापूरकडे मावची आणि कोकणी, अक्कलकुवा-तळोद्यात भिलीची वेगवेगळी वळणं, खाली तापीकाठी अहिराणी आणि गुजरी. आता सिकलसेल या आनुवंशिक आजाराची माहिती गावोगाव देण्याचं कामच बघा. माणूस दिसायला ठणठणीत, शेतात राबतो, तरीही तो आजाराचा वाहक असू शकतो. असे दोन वाहक लग्नाच्या गाठीत आले, तर दर बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता 25 टक्के. म्हणजे चारांतलं एक आजारी आणि तीन हमखास ठीक, असं नव्हे. प्रत्येक वेळी तेवढाच धोका. हे पाड्यावरच्या आजीला तिच्या बोलीत, कुणाच्या पोरीला बोल न लावता समजावून द्यायचं. त्यासाठी आरोग्य कळलेला आणि बोलीत वाढलेला माणूस हवा. पानाला इतके रुपये, या दरपत्रकात तो सापडायचा कसा?

बरं, दराच्या आधी अटींचा डोंगर असतो. गेल्या तीन वर्षांची उलाढाल, अशाच कामाचा अनुभव, बयाणा रक्कम, जीएसटी नोंदणी, डिजिटल स्वाक्षरी. सोंगाड्या पार्टीचा म्होरक्या पावसाळ्यात शेती करतो, पिकं निघाली की ऊसतोडीला गुजरातेत जातो. सोंगं मात्र त्याच्याइतकी कुणाला येत नाहीत. तो उलाढाल कुठून दाखवणार? निविदा भरते ती शहरातली एजन्सी, आणि काम मिळाल्यावर ती याच पार्टीला हजेरीवर बोलावते. कला त्यांची, दर एजन्सीचा! अटी फसवणूक टाळायला घातलेल्या असतात, हे मला मान्य आहे. पण उलाढालीचा दाखला पैशाची ऐपत सांगतो, सोंग वठवण्याची नाही.

नियमच तसे आहेत, असं साहेब लोक म्हणतात. पुरतं खरं नाही ते. केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत सल्लासेवा घेताना गुणवत्ता आणि खर्च एकत्र तोलण्याची पद्धत दिली आहे. तिथं गुणवत्तेला 80 टक्क्यांपर्यंत वजन देता येतं. आपल्या राज्यातही मोठ्या प्रकल्पांना सल्लागार नेमताना 70:30 किंवा 80:20 असं सर्रास चालतं.

हिशेब कसा फिरतो, ते पेन घेऊन बसलात तर लगेच कळेल. समजा, एका पथकाला परीक्षकांनी 85 गुण दिले, त्याचा दर 60 हजार. दुसऱ्याला 60 गुण, दर 40 हजार. दराचे गुण असे: सर्वांत कमी दराला 100, बाकीच्यांना त्या प्रमाणात कमी. नुसता दर बघितला तर दुसरा जिंकतो. गुणांना 70 आणि दराला 30 वजन दिलं, तर पहिल्याचे साडेएकोणऐंशी होतात, दुसऱ्याचे 72. पहिला जिंकतो. पण सल्लासेवा नसलेल्या ‘इतर सेवां’साठी केंद्राच्या अर्थमंत्रालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये गुणांना फार तर 30 टक्के वजन देण्याची मुभा दिली. तेच आकडे उलटे घालून बघा: पहिला 72 वर, दुसरा थेट 88 वर. पथकं तीच, परीक्षक तेच, गुण तेच. तुमचं काम कुठल्या रकान्यात टाकलं, यावर निकाल फिरला. आणि पथनाट्य, भित्तिचित्र, बोलीतलं भाषांतर ही कामं बहुतेक वेळा ‘इतर’मध्येच पडतात. म्हणजे मुंबईत बसून रस्त्याचा अहवाल लिहिणं ही बुद्धी, आणि तोरणमाळला उभं राहून पावरीत गावाला हसवत शहाणं करणं ही मजुरी! हा रकाना बदलायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळं काम एकाच मक्त्यात देण्याचं दुसरं टोकही आपण पाहिलं आहे. शहादा तालुक्यात तापीच्या काठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते, घोडेबाजार भरतो. तिथल्या चेतक महोत्सवाची संकल्पना, आखणी आणि व्यवस्थापन असं एकत्र काम महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने 2017 मध्ये अहमदाबादच्या एका कंपनीला दिलं. 2018 मध्ये शासनाने आर्थिक अनियमिततेचं कारण देऊन तो करार रद्द करायला सांगितलं, आणि प्रकरण कंपनीच्या भरपाईच्या दाव्यापर्यंत गेलं. दोष कुणाचा, ते ठरवण्याची ही जागा नाही. पण कल्पना आणि तंबू एकाच मक्त्यात बांधले, की लहान कलावंताला दार बंद होतं, हे उघड आहे. मग आदिवासी नृत्य जनरेटर आणि मंडपाखालच्या ओळीत येतं: पथक एक, पोशाखासह. काठी गावच्या राजवाडी होळीत जो नाचणारा बुध्या होतो, तो नवसाने होतो, दिवसचे दिवस कडक पथ्यं पाळून. कमरेचे भोपळे आणि डोक्यावरची मोरपिसं त्या नवसाची आहेत. ती 26 जानेवारीला ‘पोशाखासह’ मागवणं मला पटत नाही.

स्पर्धा हा आणखी एक मार्ग आहे. स्वच्छ भारतचं चष्म्याचं बोधचिन्ह 2014 मध्ये खुल्या स्पर्धेतून आलं. ते कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांचं, बक्षीस 50 हजार रुपये. आज ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आहे आणि तुमच्या खिशातल्या नोटेवरही आहे. स्पर्धेत नवखा माणूस पुढे येतो, हे खरं. पण जिंकतो एक आणि बाकीचे शेकडो फुकट राबतात. म्हणून निदान अंतिम फेरीतल्यांना नमुन्याचे पैसे द्यावेत.

हक्काचंही थोडक्यात सांगतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, शासनाच्या निर्देशाखाली केलेल्या कृतीचा पहिला मालक शासन असतं, वेगळा करार नसेल तर. तेव्हा नाव छापलं जाईल का, तीच संहिता पुन्हा वापरली तर मोबदला मिळेल का, हे कार्यादेश घेण्याआधीच लिहून घ्या.

अधिकारी मित्रांना माझी विनंती आहे. परीक्षकांत ती बोली बोलणारी दोन माणसं तरी बसवा. नमुना बघा, तोही पाड्यावर. दरच बघायचा असेल, तर 100 पैकी 70 गुण न मिळवणाऱ्याचा आर्थिक लिफाफा उघडूच नका. आणि बिल वेळेवर काढा. दिवाळीतल्या प्रयोगाचं मानधन होळीला मिळालं, तर पथक पुढच्या वर्षी येत नाही.

कलावंतांनीही गप्प बसू नये. निविदेआधी बैठक असेल तर तिथं जाऊन उलाढालीच्या अटीवर लेखी हरकत द्या; पोच घ्या. काम दुसऱ्याला गेलं, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करून गुणांचा तुलनात्मक तक्ता मागा. अर्जाची फी 10 रुपये आहे.