छोट्या हत्तीवरची अंबारी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंची आज्ञा झाली की, "तुम्ही गाडीवर ती खोली बांधली आहे ना, तिच्याविषयी चार शब्द सांगा." मी काही व्याख्याती नव्हे. मी शिवणयंत्रावर बसणारी आणि अलीकडे गाडी हाकणारी बाई. तेव्हा बोलण्याची शिवण कुठे उसवली तर सांभाळून घ्यावे.

गाडी आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. 2005 साली टाटांनी 'एस' नावाचा हा चिमुकला ट्रक आणला आणि लोकांनी 'छोटा हत्ती' म्हणून त्याचे बारसे करून टाकले. पुढे दोघांपुरती बसायची जागा, आणि मागे हौदा सुमारे सात फूट लांब व पाच फुटांना जरा कमी रुंद. आमच्या गाडीच्या कागदावर ओझ्याची मर्यादा 750 किलो लिहिली आहे. हा आकडा कृपा करून ध्यानात ठेवा.

मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई बिडाचे तवे, कढया, दगडी खलबत्ते असा माल यात्रांतून विकतो. पौषात पालीचा खंडोबा नि मांढरदेवी, चैत्रात शिखर शिंगणापूर आणि जोतिबा. आमच्या दोघींच्याही घरी आता मिळवता पुरुष नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे. दिवसाची काळजी आम्हाला कधी वाटली नाही, गिऱ्हाईक आणि बायका यांचे बरे जमते. काळजी असे ती रात्रीची. यात्रेच्या दिवसांत लॉज मिळत नाही, मिळालाच तर दोन दिवसांची कमाई गिळतो. एका गावी तर बरोबर पुरुष नाही म्हणून खोलीच नाकारली. मग मालाजवळच सतरंजी टाकायची आणि एकीने निजायचे, दुसरीने जागायचे. त्यातून पहाटे उजाडण्यापूर्वी आडोसा शोधण्याचे संकट. पन्नाशी उलटलेल्या जाऊबाई रात्री पाणी प्यायचे टाळू लागल्या, तेव्हा मी ठरवले की हौद्यातच दार लावता येईल अशी खोली करायची.

लोखंडकाम करणाऱ्या भावांकडे गेलो. माणूस भला. त्यांनी माप घेतले नि म्हणाले, "ताई, अँगलचा सांगाडा, वर पत्रा, आतून प्लाय. दोनशे-अडीचशे किलोंत हत्तीसारखी मजबूत खोली देतो." जाऊबाईंनी तिथेच बोटांवर हिशेब केला. आमचा माल 500 किलोंच्या घरात. त्यात अडीचशे मिळवले की 750 पुरे झाले. अंथरूण, पाणी, शिधा नि मालाची खोकी हे सगळे मग डोक्यावर घेऊन जायचे काय? "अगं, खोलीचा एकेक किलो म्हणजे न विकलेला तवा," जाऊबाई म्हणाल्या. भगिनींनो, या कामाचे सगळे शास्त्र या एका वाक्यात आहे. पुढे जे काही केले ते त्याला धरूनच केले.

दुसरी अट अशी की खोली उतरवता आली पाहिजे. यात्रा नसतात त्या दिवसांत गाडी भाजीपाल्याच्या भाड्याला जाते, कर्जाचा हप्ता त्यातूनच सुटतो. आणि उतरवायला क्रेन आणणार कोण? आम्ही दोघी नि शेजारच्या दोघी, एवढ्याच.

जपानातल्या शेतकऱ्यांकडे आपल्या हत्तीहूनही लहान ट्रक असतात. कायद्यानेच त्यांची लांबी 3.4 मीटर, इंजिन 660 सीसी आणि ओझे 350 किलो इतक्यावर बांधले आहे. तेवढ्याशा गाडीवरही हौशी लोक निजायची खोली करतात. मग आपल्याला का जमू नये? शोध घेता कळले की परदेशात अशा खोल्या फोमच्या पाट्या आणि कापड यांच्या करतात. कापड म्हटल्यावर माझे कान टवकारले!

इमारतीच्या गच्चीवर उष्णता अडवायला ज्या दाट फोमच्या पाट्या घालतात, त्या आम्ही आणल्या. थर्माकोलचीच ही जात, पण बारीक दाण्याची, पाणी न पिणारी. बारा मिलिमीटरचा आठ बाय चारचा प्लाय सुमारे वीस किलो भरतो. तेवढ्याच आकाराची पन्नास मिलिमीटर जाडीची फोमची पाटी पाच किलोंनाही जरा कमीच. पण नुसती पाटी गुडघ्यावर दाबली की कडकन मोडते. तिला दोन्ही अंगांनी कापड चिकटवले की तीच पाटी वेगळी होते. खोक्याचा पुठ्ठा आठवा, दोन पातळ कागद आणि मध्ये पोकळ नागमोडी, तरी किती ताठ असतो! पाटी वाकू लागली की तिची एक बाजू ताणली जाते. तो ताण फोमला सोसत नाही, कापडाला सोसतो. दोन कापडांमध्ये अंतर जितके जास्त तितका ताठपणा जास्त. जुन्या टायगर मॉथ विमानांचे पंख लाकडी सांगाड्यावर ताणलेल्या कापडाचेच असत, तेव्हा कापडाला हसण्याचे कारण नाही.

कापड घेतले मांजरपाट. आधी गरम पाण्यातून दोनदा काढून त्याची खळ घालवली, नाहीतर गोंद आत मुरत नाही. पाट्या एकमेकींना गोंदाने जोडल्या आणि वाळेपर्यंत बांबूच्या काड्या टोचून ठेवल्या, टाचण्या टोचतो तशा. सगळ्या कडा पॉलिशपेपरने गोल केल्या, कारण धारदार कडेवर कापड लवकर झिजते. मग पातळ केलेला गोंद ब्रशने लावायचा, वर कापड पसरायचे, पुन्हा वरून गोंद, आणि तळहाताने मधून कडेकडे फुगे काढत जायचे. कापड वाळताना आवळते आणि ढोलाच्या कातड्यासारखे ताठ बसते. गोंदाची मात्र चिकित्सा करा. साधा पांढरा फेव्हिकॉल पावसात विरघळेल, पाण्याला टिकणारा 'मरीन' घ्यावा लागतो. आणि चपलांना लावतात तो रबराचा गोंद तर मुळीच नको. त्यातले द्रावण फोम खाऊन टाकते. थर्माकोलवर पेट्रोलचे दोन थेंब टाकून पाहा, म्हणजे खात्री पटेल.

भिंती आधी मढवल्या, छप्पर मागाहून. छपराचे कापड चार बोटे भिंतीवर उतरवले, कौलाचे पाणी खालच्या कौलावर जावे तसे. वरून घराच्या बाहेरच्या भिंतीला देतात त्या रंगाचे तीन हात दिले. रंग पांढराच, चैत्राचे ऊन काही थोडे नसते. स्क्रू फोममध्ये धरत नाहीत, म्हणून दाराच्या बिजागऱ्या बसतात तिथे आधीच लाकडी पट्ट्या रुतवल्या. दार मागच्या बाजूला आहे आणि ते वर उघडते, म्हणजे स्वयंपाकाला आयतेच छप्पर होते. तळ तेवढा नऊ मिलिमीटरच्या प्लायचा. आत पलंग नाही! मालाची खोकी सारख्या उंचीची करून घेतली. ती तळाशी मांडली आणि वर फळी टाकली की झाला पलंग. जड माल खाली राहिल्याने घाटाच्या वळणावर गाडी डोलतही नाही.

हे सारे आम्ही एप्रिल-मेच्या उन्हात केले, शनिवार-रविवार धरून दीड महिना लागला. साहित्याला बत्तीस हजार रुपये गेले. आडतीवरच्या काट्यावर चढवली तेव्हा खोली भरली 72 किलो. काटेवाल्याने काटा पुन्हा शून्यावर आणून पाहिला, त्याचा विश्वास बसेना. अंथरूण, पाणी, शिधा नि खोकी यांना साठेक किलो सोडले, तरी पहिल्यापेक्षा शंभर किलो माल आता जास्त नेतो. शंभर किलो म्हणजे चाळीस-पन्नास तवे होतात.

आता एक कडक गोष्ट. हा फोम पेटतो, आणि पेटला की काळा विषारी धूर सोडतो. कापड आणि रंग यांनी तो झाकला जातो, पण अग्नीपासून निर्भय होत नाही. म्हणून आत शेगडी नाही, निरांजन नाही, उदबत्ती नाही, डासांची कॉइलसुद्धा नाही. जाऊबाईंचा देवही दाराबाहेर बसतो, तिथे त्यांनी माझे ऐकले याचे मला अजून नवल वाटते! उजेडाला बॅटरीवरचा लहान दिवा आहे. खाली एक नि वर एक अशा जाळी लावलेल्या दोन खिडक्या रात्रभर उघड्या ठेवतो. त्या मिटल्या तर दोघींच्या श्वासाने पहाटे भिंतींना घाम सुटतो. हवा कोंडून निजणे तर कोठेच बरे नव्हे.

कायद्याचेही पाहिले. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम असे की, नोंदणीच्या कागदाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाने गाडीत करू नये. म्हणून आमच्या खोलीचा एकही खिळा गाडीत गेलेला नाही. ती हौद्याच्या आत मावते आणि चार पट्ट्यांनी आकड्यांना आवळलेली असते, म्हणजे कपाट न्यावे तशी. माल विकून रिकामे परतताना पट्टे दोनदा तपासते. हलकी वस्तू वारा लवकर उचलतो, आणि खंबाटकीत वाऱ्याला तोटा नाही. गाडी चालू असताना मागे कोणी बसत नाही, भाचरांनी कितीही हट्ट केला तरी नाही. परवान्याविषयी मला पुष्कळ जणी विचारतात. माझा परवाना साधा, हलक्या मोटारीचा आहे. एकूण वजन 7500 किलोंच्या आत असलेल्या मालगाडीला तो चालतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला आहे. तेव्हा ज्या मोटार चालवतात त्यांनी हत्तीला भिऊ नये.

एक गोष्ट संकोच सोडून सांगते, कारण येथे आपण आपणच आहोत. कोपऱ्यात झाकणाची एक बादली आहे, तिच्यावर बैठक, आणि शेजारी डब्यात लाकडाचा भुसा. प्रत्येक वेळी वरून ओंजळभर भुसा टाकला की वास येत नाही. सकाळी पाणवठ्यापासून दूर खड्डा करून पुरून टाकायचे. पाहुण्यांना खोली दाखवताना मी फोमचे कौतुक सांगत बसते आणि बायका मात्र ही बादली पाहून गप्प होतात. गेल्या चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर शेजारच्या बांगडीवालीने रात्री दोनदा दार वाजवले, ते या बादलीसाठीच. जाऊबाईंनी तिला आत निजायलाच घेतले. तिघी आडव्या झालो, कुशीवर वळायचे तर तिघींनी मिळून. जाऊबाई आता रात्री तांब्याभर पाणी पिऊन निजतात.

बांगडीवालीला तशीच खोली हवी आहे. तिच्याकडे छोटा हत्ती नाही, तीन चाकी टेम्पो आहे, त्याचा हौदा आणखी आखूड. पाय पसरायला जागा कशी काढावी हा प्रश्न आहे. तिची मापे मी घेऊन ठेवली आहेत. येत्या एप्रिलात आमच्या अंगणात काम काढू. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी यावे, येताना जुनी कात्री आणि रंगाचा जाड ब्रश आणावा.

आणि आज खोली बाहेर गाडीवरच उभी आहे. चहा झाल्यावर चौघींनी पदर खोचून यावे. पट्टे मी सोडवून ठेवते. एकेकीच्या वाट्याला अठरा किलो येतील, भरल्या हंड्याएवढे. पायऱ्यांपाशी जरा ओले आहे, तेवढे जपून. डाव्या कोपऱ्याला मी आहेच.