खटला डोव्हरचा, प्रश्न आपला



पारितोषिकं मिळवणाऱ्यांचं अभिनंदन. ती न मिळताही ज्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या, त्यांचं काकणभर जास्त!

मी जीवशास्त्र शिकवतो आणि दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला जातो. त्यामुळे वर्गात हमखास विचारणा होते, ‘सर, आदाम-एवा खरे की डार्विन?’ मग मी एका खटल्याची गोष्ट सांगतो.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर इथे २००४ साली शाळा मंडळाने ठरवलं, की नववीला उत्क्रांती शिकवण्याआधी एक निवेदन वाचायचं: हा नुसता सिद्धान्त आहे, ‘बुद्धिमान रचना’, म्हणजे सजीव कुणा बुद्धिमान कर्त्याने घडवले, हे दुसरं स्पष्टीकरणही आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला नकार दिला. ११ पालक कोर्टात गेले.

त्यांचे पहिले साक्षीदार केनेथ मिलर. जीवशास्त्रज्ञ आणि श्रद्धावान कॅथलिक. त्यांनी गुणसूत्रांचा हिशेब मांडला. चिंपांझीची ४८, आपली ४६. पूर्वज एकच, तर एक जोडी गेली कुठे? दोन गुणसूत्रं जुळली असतील, तर सांधा दिसायला हवा. तो आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात सापडला. एरवी टोकाला असणारा डीएनए तिथे मध्येच आहे.

मग कॅथलिक धर्मपंडित जॉन हॉट यांची साक्ष झाली. ते म्हणाले, किटलीतलं पाणी का उकळतंय? रेणूंची हालचाल वाढली म्हणून. आणि मला चहा हवाय म्हणूनही. दोन्ही उत्तरं खरी. एकाने दुसरं खोडलं जात नाही. डिसेंबर २००५ मध्ये निकाल पालकांच्या बाजूने लागला.

पण चहावर सगळं भागत नाही. एक गांधीलमाशी सुरवंटाच्या अंगात अंडी घालते. अळ्या त्याला जिवंतपणी आतून खातात. दयाळू देव असं का घडवेल, हा पेच डार्विनने १८६० मध्ये आपला श्रद्धावान वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र एसा ग्रे याच्यापुढे मांडला होता. तो मलाही सुटलेला नाही. पण गुणसूत्रातला सांधा नाकारून तो सुटणार नाही, एवढं मला कळतं.

म्हणून श्रद्धा असेल तर विज्ञानाला न उमगलेल्या जागी देवाला बसवू नका. उद्या तिथे उत्तर सापडलं, की त्याला उठावं लागेल. श्रद्धा नसेल, तर प्रयोगशाळेने न दिलेला निकाल तिच्या नावावर खपवू नका. आणि दोघांनीही गुणसूत्रं नीट मोजा. परीक्षा जवळ आली आहे!